प्राणेशरावांची कलती हिरवळ

चिंचखेडमध्ये माणसानं गोल्फ खेळू नये असा काही सरकारी नियम नाही. पण खेळावा अशी सोयही नाही. हुमनाबादच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की जी काळी माती लागते, तिच्यात तूर येते, सोयाबीन येतं, ऊस येतो. हिरवळ म्हणाल तर ती जिथं दिसेल तिथं म्हैस आधी पोचलेली असते. अशा गावात, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या प्राणेशरावांनी आपल्या राहत्या घराच्या हॉलमध्ये गोल्फच्या सरावाची हिरवळ बांधायला काढली. तीही साधीसुधी नव्हे, तर हवा तसा उतार देता येईल अशी.

रिकामपणामुळं माणसाला असं काही सुचतं, असं कॉलनीचं मत पडलं. कॉलनीची मतं साधारण अर्धी बरोबर असतात.

खरं कारण फोन होता. पत्नी कुसुमताई होत्या तोवर अमेरिकेतल्या मुलाशी, श्रीहर्षशी, बोलण्याचं खातं त्यांच्याकडं होतं. दर रविवारी संध्याकाळी त्या तासभर बोलत. कुणाचं लग्न जमलं, कुणाचं फिसकटलं, लोणच्यात मीठ किती घालायचं, तिकडं कढीपत्ता मिळतो का. प्राणेशराव पेपरच्या आडून "पाऊस आहे का विचार त्याला" एवढं बोलत आणि बापाचं कर्तव्य पार पडलं असं समजत. तीन वर्षांपूर्वी कुसुमताई गेल्या आणि ते खातं प्राणेशरावांच्या गळ्यात आलं. सरकारी नोकरीत दुसऱ्याचा चार्ज घेताना निदान फायली तरी हातात पडतात. इथं नुसतीच खुर्ची मिळाली होती.

"जेवलास का?"

"हो अप्पा. तुम्ही?"

"झालं. पाऊस?"

"न्हाई."

यानंतर दोघंही आपापल्या देशात गप्प बसत. मग प्राणेशराव पाण्याची मोटार बंद करायची राहिलीय असं सांगून सुटका करून घेत. त्या दिवसांत त्यांच्या टाकीत जेवढं पाणी चढलं, तेवढं उभ्या नोकरीत त्यांच्या कुठल्या तलावात चढलं नव्हतं.

अशातच एका रविवारी श्रीहर्ष सहज बोलून गेला की ऑफिसातली मंडळी त्याला गोल्फला घेऊन गेली होती. मोटारीचं निमित्त त्या दिवशी नेमकं सुचेना, म्हणून प्राणेशरावांनी विचारलं, "ते कसं असतं रे?" श्रीहर्ष सांगू लागला आणि सांगतच राहिला. इकडं गॅसवरचं दूध उतू जाऊन ओटा पांढरा झाला, तरी फोन चालूच. पुढच्या रविवारी श्रीहर्षनंच विषय काढला. लांबवर टोला मारणं कुणालाही जमतं म्हणे, खरी परीक्षा शेवटी असते. चेंडू हलक्या हातानं ढकलत भोकात घालायचा, त्याला पटिंग म्हणतात. आणि त्यातली मेख अशी की तिथली हिरवळ सपाट नसते. तिला उतार असतो, आणि तो नजरेनं ओळखावा लागतो.

उतार हा शब्द ऐकताच प्राणेशरावांच्या अंगात आलं. तीस वर्षं त्यांनी कालव्यांचे उतार काढले होते. कुसुमताईंनी पोळपाट वाकडा ठेवला तरी त्यांना तो खुपायचा. त्या दिवशी ते मुलाशी जेवढं बोलले तेवढं त्याच्या मुंजीपासून बोलले नसतील.

मग श्रीहर्षनं डिसेंबरात दहा दिवस येतो म्हणून कळवलं. आईच्या दिवसांनंतर तो पहिल्यांदाच येणार होता. प्राणेशरावांना आनंद झाला आणि पाठोपाठ धडकी भरली. फोनवर बोलणं संपलं तर रेंज गेली म्हणता येतं. समोर ताटावर बसलेल्या मुलाला काय सांगायचं? दहा दिवस दोन गप्प पुरुष एका घरात. गोल्फवर दोन रविवार निघाले होते, तर दहा दिवस का निघू नयेत? दसरा झाला आणि त्यांनी हॉल मोजायला घेतला.

सोफा स्वयंपाकघरात गेला. स्वयंपाकघरातलं पिंप झोपायच्या खोलीत गेलं. हॉलच्या लांबीइतकी लाकडी चौकट, तिच्यावर प्लायवूड, त्यावर हिरवी मॅट आणि चारी कोपऱ्यांखाली वर-खाली होणारे जॅक, असा नकाशा त्यांनी काढला. खाली सही करून हुद्दा लिहिला आणि मग आठवलं की हुद्दा आता नाही, म्हणून तो खोडला.

शेजारी वीरण्णा राहतात, त्यांचं कापडाचं दुकान. सल्ला द्यायला ते दुकान बंद ठेवूनसुद्धा येतात. त्यांनी नकाशा उलटा धरून नीट पाहिला.

"सायब, हे भोक कुणीकडं यायलंय?"

"नैऋत्येला."

"नैऋत्येला भोक कामून पाडायलात? घरातली लक्ष्मी जाती बगा तिथनं. ईशान्येला पाडा."

"वीरण्णा, ईशान्येला दार आहे. भोकात पाय जाईल माणसाचा."

"पाय गेला तर चालतंय, लक्ष्मी जाऊ नये," असं म्हणून वीरण्णांनी चहा मागितला. भोक शेवटी मध्ये कुठंतरी पाडून त्यात चहापत्तीचा रिकामा डबा बसवला. म्हणजे दोघांचंही समाधान झालं नाही.

सुतार हावगेप्पा. त्यानं आयुष्यात दिवाण सोडून काही केलेलं नव्हतं, आणि नवं काही करायची त्याला हौसही नव्हती. चौकट ठोकताना त्यानं विचारलं, "सायब, उशी कुणीकडं येणार?"

"यावर कुणी झोपणार न्हाई, हावगेप्पा. यावर चेंडू फिरणार आहे."

"आज न्हाई झोपणार. उद्या पाव्हणे आले की कळंल."

प्राणेशराव पेन्शनच्या कामासाठी दोन दिवस बाहेर गेले, तेवढ्यात हावगेप्पानं एका टोकाला दोन मोर कोरलेली पाठ बसवून टाकली. जगात मोराची पाठ असलेली गोल्फची हिरवळ आणखी कुठं असेल असं वाटत नाही. चेंडू भिंतीवर आदळू नये म्हणून आपणच ती सांगितली होती, असं प्राणेशराव पुढं लोकांना सांगू लागले.

जॅक आणायला ते हुमनाबादला हायवेवरच्या भंगारवाल्याकडं गेले. एवढा भार पेलेल का, असं त्यांनी इंजिनिअरच्या गंभीरपणानं विचारलं. भंगारवाल्यानं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साब, ये लारी कू उठाता. तुमारी चटई कू नै उठाएगा क्या?" त्याच दिवशी कुरियरच्या ऑफिसात त्यांची गोल्फची काठी येऊन पडली होती. परतीच्या बसमध्ये ती काठी पाहून कंडक्टरनं एका बाईला उठवलं आणि प्राणेशरावांना हाताला धरून बसवलं. रोज दोन मैल चालणारा हा माणूस गाव येईपर्यंत लंगड्यासारखा बसून राहिला, कारण आता उभं राहणं बरं दिसलं नसतं.

मॅट मंडपवाल्याकडून घेतली, लग्नात स्टेजवर अंथरतात ती. रंग झकास होता. पण पहिलाच चेंडू भोकाच्या हातभर अलीकडं एकदम डावीकडं वळला. दुसरा उजवीकडं. प्राणेशरावांनी पाणसळ लावून पाहिली तर उतार चोख. शेवटी चष्मा लावून ते पालथे पडले तेव्हा उलगडा झाला. मॅटच्या केसाळ धाग्यांत खोलवर अक्षता रुतून बसल्या होत्या, वर्षानुवर्षांच्या लग्नांच्या. किती जोडप्यांचे आशीर्वाद त्यांनी टाचणीनं उपटून काढले देव जाणे, पण त्यात आठवडा गेला. कॉलनीत मात्र बातमी फुटली की सायब पालथे पडून तांदूळ निवडायलेत.

आता उतार. चार कोपऱ्यांना चार जॅक, तेव्हा उतार बदलायचा तर चौघांनी एकदम दांडे फिरवायला हवेत, निदान दोघांनी तरी. घरात माणूस एक. नकाशात ही अडचण दिसली नव्हती. प्राणेशराव एका कोपऱ्यात चार वेढे द्यायचे, पळत दुसऱ्या कोपऱ्यात जायचे, तोवर तिसरा कोपरा कुरकुरायचा. एका दुपारी असंच करताना चौकट सरकली आणि तिचा कोपरा हॉलच्या दाराला असा जाऊन बसला की दार उघडेना. आत प्राणेशराव, बाहेर जग. दुसरं दार स्वयंपाकघरात उघडतं, पण त्याला पलीकडून सोफा लागलेला. मोबाईल झोपायच्या खोलीत, पिंपावर.

त्यांनी आधी मानानं हाका मारल्या, म्हणजे "कोणी आहे का" अशा. मग मान सोडून मारल्या. ऊन खिडकीतून कलत कलत गजांवर गेलं. ते मॅटवर बसले, मोरांना पाठ लावून. तेव्हा त्यांच्या मनात आलं की आपण ओरडलो नाही, तर रविवारपर्यंत आपण आत आहोत हे कुणाला कळणारसुद्धा नाही. आज बुधवार होता. या हिशोबाचं त्यांना भयंकर वाईट वाटलं, आणि ते पुन्हा खिडकीशी गेले.

वीरण्णांची बायको चंद्रम्मा कपडे काढायला गच्चीवर आली होती. "काय हो सायब, आतनं कामून वरडायलात?" तिनं विचारलं. मग हावगेप्पा आला, कानस आली, कॉलनी आली. दार निघालं तेव्हा बाहेर एवढी गर्दी होती की प्राणेशरावांनी सवयीनं सगळ्यांना नमस्कार केला.

त्या गर्दीनं हॉल पाहिला, इथंच घात झाला. सायब क्लब काढायलेत, पत्ते चालणार, असं कुणीतरी उठवलं आणि पंचायतीचा माणूस नोटीस घेऊन दारात उभा राहिला. राहत्या घरात धंदा कसा? प्राणेशरावांनी सांगितलं की हा धंदा नाही, ही हिरवळ आहे. त्या माणसानं प्रामाणिकपणे तसंच लिहून घेतलं. त्यामुळं कागद बागायत खात्याकडं गेला. हिरवळ म्हटल्यावर बागायत खात्याचा दाखला हवाच. प्राणेशराव तीनदा ऑफिसात गेले आणि तीनदा "उद्या या साहेब" ऐकून आले. हे वाक्य त्यांनी स्वतः तीस वर्षं वापरलं होतं, पण ते ऐकायला कसं लागतं याची त्यांना कल्पना नव्हती.

अखेर बागायतीचा अधिकारी आला. त्यानं वाकून मॅट चिमटीत धरली, ओढून पाहिली आणि कन्नडात शेरा मारला, "हुल्लु इल्ला." गवत नाही. बस. त्यावर पंचायतीचं पत्र आलं, की सदर जागी हिरवळ अस्तित्वात नसल्याचं आढळलं असून ती त्वरित काढून टाकावी. नसलेली वस्तू काढायची कशी, हे विचारायला प्राणेशराव गेले, तर साहेब बेंगळुरूला.

या सगळ्या गावगोंधळात हिरवळीचा खरा उपयोग शोधला तो चंद्रम्मानं. वीरण्णांच्या शेतातलं सोयाबीन नुकतंच घरी आलं होतं, आणि पुढच्या पेरणीचं बी निवडायचं होतं. बी निवडताना बायका बाज एका बाजूनं उंच करतात आणि वरून दाणे सोडतात. गोल, भरलेला दाणा घरंगळत खाली येतो. फुटका, चपटा आणि मातीचा खडा जागेवर राहतो. चंद्रम्मा दारात येऊन म्हणाली, "सायब, तुमचा तो दिवाण जरा कलता करून देता का? बाजंवर लई वेळ जायलाय."

दिवाण हा शब्द प्राणेशरावांनी गिळला. मॅट गुंडाळली. प्लायवूडवरून दाणे असे सरसर उतरले की दुसऱ्या दिवशी चंद्रम्माबरोबर रत्नम्मा आली, तिसऱ्या दिवशी अर्धी गल्ली आली. रोज दुपारी हॉल भरू लागला. बायका म्हणत, "सायब, जरा उतार वाढवा," आणि प्राणेशराव कोपऱ्याकोपऱ्यांतून पळत. उतार झाला की मात्र त्यांना तिथं काम नसे. बायकांच्या घोळक्यात पुरुषानं बसून काय करायचं? ते काठी घेऊन बाहेर कट्ट्यावर बसत. घर माणसांनी भरलेलं आणि घरमालक रस्त्यावर. आतून कुणी मोठ्यानं हसलं की क्षणभर त्यांना वाटे, कुसुम आत आहे. मग ते उगाच घसा खाकरत.

रविवारी मात्र ते राजे असत. "अप्पा, ग्रीनचा वेग कसा काढायलात?" श्रीहर्ष विचारी. प्राणेशराव वेग सांगत, उतार सांगत. मोरांबद्दल सांगत नसत, पंचायतीबद्दलही नसत. मुलाच्या बोलण्यात कधीकधी घोटाळे असत, मागच्या रविवारी सांगितलेल्याच्या उलट तो या रविवारी सांगे, पण अमेरिकेत नियम बदलत असतील म्हणून ते सोडून देत.

श्रीहर्ष आला तो हैदराबादहून टॅक्सी करून, सकाळी. पोराचे केस कानांवर पांढरे झालेले पाहून प्राणेशरावांना जरा चमकल्यासारखं झालं. फोनमध्ये ते दिसले नव्हते. चहा झाला, पोहे झाले, आणि ज्या शांततेला ते दोन महिने भीत होते ती आलीच. त्यांनी तडक हॉलचं दार उघडलं.

श्रीहर्ष बघतच राहिला. मोर, जॅक, मॅट, चहाचा डबा. "अप्पा, हे तुम्ही केलं?"

"दोन टक्के उतार ठेवलाय सध्या. डावीकडं ओढतो थोडा. घे, मार."

त्यांनी काठी पुढं केली. अंगणातली काटकी उचलावी तशी श्रीहर्षनं ती घेतली. दोन महिने रोज व्हिडिओ पाहिलेल्या प्राणेशरावांच्या डोळ्यांना ते लगेच खटकलं. हात उलटे होते. पाय चुकीचे होते. चेंडू मोराच्या चोचीला लागला आणि चौकटीखाली गेला.

"पुन्हा मार," प्राणेशराव म्हणाले. त्यानं पुन्हा मारला, चेंडू दारातून बाहेर गेला.

"श्रीहर्ष, किती दिवस झाले खेळून?"

श्रीहर्षनं काठी मॅटवर आडवी ठेवली आणि तिच्याशेजारी तो बसला. "मी खेळतच न्हाई, अप्पा. एकदाच गेलतो ऑफिसच्या लोकांबरोबर. त्यांची ती छोटी गाडी चालवायला कुणीतरी पाहिजे होतं."

"मग दर रविवारी सांगायलास ते?"

"शनिवारी वाचून ठेवतो. तासभर मॅच बघतो, टिपून घेतो." तो खाली बघत होता. "तुम्ही विचारलात ना, ते कसं असतं रे म्हणून. आई गेल्यावर पहिल्यांदा तुम्ही पाऊस सोडून काहीतरी विचारलंत. मला वाटलं, तुम्हाला आवडायलंय. मग सोडवंना."

प्राणेशरावांना रागवावंसं वाटलं, पण रागवायला धरायचं कुणाला? सोफा, पिंप, पंचायत, बसमधली बाई, टाचणीनं उपटलेल्या अक्षता, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्याच्याबरोबर हेही गेलं की हजारो मैलांवर, एका बंद खोलीत, दर शनिवारी आपलं पोर एकटं बसून बापाशी बोलायचा अभ्यास करत होतं. ते श्रीहर्षच्या शेजारी मॅटवर बसले.

"मलाही न्हाई आवडत हा खेळ," ते म्हणाले. "चेंडू वाकून उचलताना कंबर धरायलीय."

दोघंही हसले, पण फार नाही.

ते दहा दिवस बरे गेले. नवी तूर आली होती, चंद्रम्मा पोती घेऊन हजर झाली, आणि उतार द्यायला आता घरात दोन माणसं होती. एका टोकाला बाप, दुसऱ्या टोकाला मुलगा. "घे थोडं." "सोडा अप्पा." "बास." यापलीकडं फारसं बोलणं झालं नाही. चंद्रम्मानं श्रीहर्षला जवारीच्या भाकरी करून घातल्या आणि अजून लग्न कामून केलं न्हाई म्हणून चांगलं फैलावर घेतलं. जाताना त्यानं वाकून नमस्कार केला. टॅक्सी हायवेला लागेपर्यंत प्राणेशराव फाटकाशी उभे होते. मग आत आले, आणि आत कुणीच नव्हतं.

त्या रविवारी संध्याकाळी फोन वाजला. प्राणेशराव जेवायला बसत होते. त्यांनी मोबाईल तांब्याला टेकवून समोर उभा केला. तिकडं सकाळ होती, श्रीहर्षच्या हातात कॉफीचा कप होता. गोल्फ आता काढता येत नव्हता. पाऊस तर कुणीच काढला नाही.

"तू गेल्यापासून घर खायला उठतंय रे," प्राणेशराव म्हणाले. असं काही ते आजवर कुणाला म्हणाले नव्हते, कुसुमताईंनाही नाही.

"इथं पण तसंच आहे, अप्पा."

प्राणेशराव भाकरी मोडत राहिले. तो कॉफी पीत खिडकीबाहेर पाहत राहिला. मधे त्यानं उठून पाव भाजून आणला आणि परत समोर येऊन बसला. बराच वेळ गेला.

"ठेवू का अप्पा?"

"कामून? तुला कुठं जायचंय का?"

"न्हाई."

"मग राहू दे की. मी पण कुठं न्हाई जायलो," असं म्हणून प्राणेशरावांनी आणखी एक भाकरी ताटात घेतली.